काळ्या दारूचं काउंटर

आधीच सांगून टाकते. मी बंदुका विकल्या आहेत. साडेतीन वर्षं, आठवड्याचे पाच दिवस, अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसच्या उत्तरेला हायवेलगतच्या एका दुकानात, काचेच्या काउंटरमागे उभं राहून. दिवाळी अंकात लोक आपापल्या नोकरीच्या आठवणी लिहितात, कुणी बँकेतल्या, कुणी शाळेतल्या. माझ्याकडे ह्याच आहेत. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. मलाही आलेला आहे आणि तो उतरत नाही.

मी मूळची नागपूरची. कॉलेजात पत्रकं लिहायचे. वसतिगृहातल्या पाण्यावर, शिष्यवृत्ती अडवून ठेवणाऱ्या बाबूंवर, कशावरही. एक कागद, दोन बाजू, आणि टपरीवरच्या चहावाल्यालाही एका वाचनात कळलं पाहिजे. माझं लिहिणं एवढंच. पुढे आई नर्स म्हणून इकडे आली, तिच्या कागदांवर मीही आले, आणि आल्या आल्या परत पत्रकंच वाटायला लागले. विषय तेवढा बदलला: घरातली बंदूक कुलपात ठेवा. आम्ही पाच-सहा जण शनिवारी बंदुकांच्या दुकानांसमोर उभे राहायचो. लोक पत्रक घ्यायचे आणि चार पावलांवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. एका शनिवारी दुकानाचा मालकच बाहेर आला. रॉय. सत्तरीचा, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. माझं पत्रक त्याने उभ्याउभ्या दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाला, "लिहितेस बरं. पण यात तीन चुका आहेत. आत ये, दाखवतो."

खरंच तीन होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रॉयला गिऱ्हाइकांसाठी सूचनापत्रकं लिहून हवी होती. "मी सांगतो ते कुणी ऐकत नाही, तुझं निदान वाचतील," म्हणाला. मी ठरवलं, दोन महिने शत्रूच्या गोटात राहायचं, सगळं शिकून घ्यायचं, आणि मग असं एक पत्रक काढायचं की यंव रे यंव. दोन महिन्यांची साडेतीन वर्षं झाली. कारण सांगायची लाज वाटते. मला ते काम जमायला लागलं, आणि जमायला लागलेलं काम सोडवत नाही.

आई एकदाच बोलली. "मी तिकडे जखमा बांधते आणि तू इकडे विकतेस. चांगलं आहे."

माझं काउंटर दुकानाच्या अगदी मागे. तिथे काळ्या दारूची रिव्हॉल्व्हरं. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथल्या यादवी युद्धात सैनिकांच्या कमरेला जी रिव्हॉल्व्हरं असायची त्यांच्या ह्या हुबेहूब नकला. बहुतेक इटलीत बनतात. यात काडतूस नसतं. फिरणाऱ्या सिलिंडरला सहा खण. प्रत्येक खणात मापाने काळी दारू ओतायची, म्हणजे आपल्या फटाक्यातलीच, गंधक, कोळसा आणि सोरा. तिच्यावर शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने दाबून बसवायची. गोळी खणापेक्षा केसभर मोठी असते, बसताना तिच्या कडेची शिशाची बारीक चकती निघाली की समजायचं, नीट बसली. तोंडाला ग्रीस लावायचं, नाहीतर एका खणाची आग शेजारच्या खणात शिरते आणि दोन-तीन गोळ्या एकदम सुटतात. शेवटी मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो. मग पांढरा धूर, आणि सडक्या अंड्यांचा वास. सहा गोळ्या भरायला दहा मिनिटं, उडवायला एक. ज्याला घाई आहे त्याचा हा खेळ नाही.

नेमबाजीसाठी यातलं कुठलं घ्यायचं, हे सांगणं ही माझी नोकरी. माणूस हमखास चकचकीत पितळी सांगाड्याच्या नगाकडे हात करतो. दिसतो देखणा, पडतो स्वस्त. पण पितळ मऊ. सारखे बार काढले की सांगाडा ताणतो, सिलिंडर खिळखिळं होतं. कागदाच्या निशाण्यावर वर्षानुवर्षं मारायचं तर पोलादी घ्यावं. दुसरं, सिलिंडरच्या डोक्यावरून पट्टी गेलेली हवी. उघड्या माथ्याच्या जुन्या घडणीत मागची नेमखूण घोड्यावरच कोरलेली असते, म्हणजे हलत्या वस्तूवर. पट्टीच्या घडणीत ती सांगाड्यावर असते, जागची हलत नाही. तिसरं, हात. गिऱ्हाइकाला मी म्हणायचे, "डोळे मिटा, हात सरळ करा, आता उघडा. नळी कुठे बघतेय?" जे रिव्हॉल्व्हर मिटल्या डोळ्यांनी सरळ समोर जातं ते तुमचं.

यात माझी चूक झाली नाही, कधीच. एवढा एक अभिमान मी अजून बाळगून आहे, आणि तो कशाला हे मला सांगता येणार नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक दाढीवाला होता, युद्धाचे प्रसंग पोशाख घालून करणाऱ्यांपैकी. महिन्याभरात रिव्हॉल्व्हर परत घेऊन आला, सिलिंडर फिरत नाही म्हणून. आत गंजाचा थर. विचारलं, धुतलंस कधी? तर म्हणतो, "बंदूक कुणी धुतं का?" धुतात बाबा. काळ्या दारूची काजळी लोखंड खाते. त्याच दिवशी गरम पाणी, भांड्यांचा साबण, ब्रश, आणि पुसून तेलाचा हात. मी त्याला मागच्या मोरीत नेऊन धुऊन दाखवलं. बघता बघता म्हणाला, "माझी बायको हसेल." म्हटलं, तिलाच शिकव, ती तुझ्यापेक्षा बरं धुवेल. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

आणि एक माणूस आला, ज्याने काहीच विचारलं नाही. "कुठलंही दे. आजच न्यायचंय." डोळे काउंटरवर नव्हतेच, कुठेतरी माझ्या मागे. मी रॉयला हाक मारली. रॉयने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज माल नाही." समोर काचेत अकरा नग मांडलेले. माणूस निघून गेला. मी रॉयला म्हटलं, "वाचला." रॉय म्हणाला, "फोनवरून मागवेल. घरपोच येईल."

कारण कायदा तसा आहे, आणि हे मी ओरडून सांगत आले आहे. ही नक्कल कायद्याच्या लेखी बंदूकच नाही. पुराणवस्तू. गेल्या वर्षी घडवलेली, चकचकीत, भरली की माणूस मारणारी पुराणवस्तू. ओहायोत ती घेताना नाव नको, चौकशी नको, पोलिसांच्या नोंदी तपासणं नको. टपालाने येते, चपला येतात तशी. त्या माणसाचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

आता आपल्या लोकांवर येते.

व्हिसावर असलेल्या माणसाला इथे साधी बंदूक घेता येत नाही, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर. पण पुराणवस्तू घेता येते. हे आपल्या आयटीवाल्यांत कसं पसरलं कोण जाणे, पण पसरलं, आणि सोबत हेही की तिथे एक मराठी मुलगी आहे. कोलंबसला लागूनच्या डब्लिन गावाहून काका लोक यायला लागले. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे. गाडीच्या लायसन्सची मुदत व्हिसाला बांधलेली, नोकरी बदलायची तर वकिलाला विचारून, भारतात आजारी आईला बघायला जायचं तर परत येता येईल ना ही धास्ती. फाइलीत जगणारी माणसं. ती माझ्या काउंटरवर येऊन एकच प्रश्न तीन-तीनदा विचारायची, "म्हणजे पेपर्स काहीच नाही लागत? नक्की?"

विनायककाका त्यातलेच. पन्नाशीचे, पुण्याचे, एका विमा कंपनीच्या आयटी विभागात. मेधाकाकू सोबत होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, त्या दाराजवळ बसल्या, मांडीवर पर्स.

"कॉलेजात एनसीसीत होतो," काका म्हणाले. "पॉइंट टू-टू रायफलने असा ग्रुप काढायचो, पाचही गोळ्या एका जागी, की सुभेदार म्हणायचा, मुला, आर्मीत जा. वडील म्हणाले, इंजिनियर हो. झालो." मग नेहमीचं. "तू मूळची कुठली? आडनाव काय म्हणालीस?" सांगितलं. "अच्छा. अच्छा अच्छा." हे तीन अच्छा मला पाठ आहेत. माणूस वाईट नव्हता.

अपेक्षेप्रमाणे हात पितळीकडे गेला. "हे बघ, काय देखणं आहे! अगदी समईसारखं."

"काका, ते शोकेसमध्ये ठेवायला घ्या. मारायला नको."

"अगं पण हे स्वस्तही आहे."

"अहो," काकू दारातून म्हणाल्या, "दोन वर्षं घेऊ घेऊ करताय, आता स्वस्तात काय शिरताय! ती पोरगी सांगतेय ते ऐका."

मी पोलादी काढलं, डोक्यावरून पट्टीवालं, चव्वेचाळीस कॅलिबरचं. काकांनी डोळे मिटले, हात सरळ केला, उघडले. नळी भिंतीवरच्या कागदाच्या मधोमध. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. तीसेक वर्षं मागे गेला होता.

"हलकी दारू भरा," मी सांगितलं. "नेमबाजीला पूर्ण भार नको. मग गोळी आणि दारूमध्ये जी पोकळी राहते तिथे लोक रवा भरतात."

"रवा? आपला रवा?"

"हो, उपम्याचा."

"बारीक की जाडा?" काकूंनी विचारलं, आणि आम्ही तिघंही हसलो. रॉयला हसण्याचं कारण कळेना, मी सांगितलं, तर तोही हसला.

निघताना काकू मला म्हणाल्या, "हे सगळं घरात ठेवायचं कुठे गं?"

"रिव्हॉल्व्हर कुलपाच्या पेटीत. दारू वेगळी, कोरड्या थंड जागी, स्वयंपाकघरापासून लांब." उत्तर दिलं ते काकांकडे बघत. पत्रक दिलं तेही काकांनाच. मराठीत लिहिलेलं, मीच, खास ह्या काका लोकांसाठी. माप, गोळी, ग्रीस, टोपी, सफाई. एक ओळ जाड ठशात: दारू उघड्या आगीजवळ नेऊ नका.

पुढचं वर्ष काकांचं होतं. दर दुसऱ्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर. कोपऱ्यातल्या टेबलावर रव्याची डबी, मापं, पुसायची फडकी, सगळं ओळीने. छिद्र पडलेले कागद मला आणून दाखवायचे. "बघ, पाच एका वाटीत मावतील." एकदा म्हणाले, "ह्या देशात मी काय काय करतो याची कुठेतरी नोंद आहे. फक्त हे सोडून." मला ते वाक्य आवडलं होतं. पत्रकात घालण्यासारखं वाटलं होतं.

आता खंडेनवमी. माझ्या घरी ती नाही. आमच्याकडे दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. शस्त्रपूजा मी फक्त लोकांच्या बोलण्यात ऐकलेली. इथे सगळेच सण शनिवारी सरकतात. त्या शनिवारी काकांच्या घरी पूजा होती, आणि मी भाड्याच्या सभागृहात आमच्या लोकांबरोबर वंदनेला बसले होते. पांढरी साडी, फोन सायलेंट करून पिशवीत.

काकांच्या घरी पाटावर लॅपटॉप, गाडीची चावी, काकूंचं शिवणयंत्र मांडलं. मधोमध रिव्हॉल्व्हर, धुतलेलं, रिकामं. त्यावर झेंडूचा हार. इथपर्यंत काही बिघडलेलं नव्हतं. मग काकांच्या मनात आलं, हत्यार म्हणजे नुसती नळी नव्हे. दारूशिवाय ती काय, पाइपच. डब्यात बंद करून तिची पूजा कशी करायची? म्हणून त्यांनी चांदीच्या वाटीत दारू काढली. वाटी भरून. वर हळदकुंकू वाहिलं. आणि काकूंना म्हणाले, ओवाळ.

काकूंनी ताम्हन घेतलं. निरांजन होतं, कापूर होता.

उघडी दारू फुटत नाही, पेटते. पण ते पेटणं म्हणजे डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात छतापर्यंत जाळ. काकू वाटीवर वाकलेल्या होत्या. उजवा हात, उजवा गाल, केस, भुवई, आणि उजव्या डोळ्यात न जळलेले काळे कण. दारूचा डबा हातभर लांब होता, झाकण बंद होतं, म्हणून घर राहिलं.

नंतर मी काकांना विचारलं, पत्रक वाचलं होतं ना? ते म्हणाले, "अगं, पाठ होतं. उघडी आग म्हणजे गॅस, सिगरेट, लायटर. निरांजन म्हणजे काय आग असते का?"

टपरीवरच्या चहावाल्याला कळेल असं लिहिण्याची मला घमेंड. मी मराठीत लिहिलं, मराठी माणसांसाठी लिहिलं, आणि मराठी घरात रोज संध्याकाळी कुठली आग पेटते हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लागते, तरी आलं नाही.

अजून एक चूक आहे, ती ह्याहून मोठी. पत्रकाच्या तळाशी मी माझा नंबर दिला होता. त्यावर वाक्य होतं: कसलीही शंका आली तर आधी मला फोन करा. आधी मला. पत्रक लिहिणाऱ्याला हा मोह असतो, आपल्याशिवाय लोकांचं अडतं असं वाटण्याचा.

काकांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला नाही. मला केला. वंदना संपून, भाषणं होऊन, पानं वाढायला घेतली तेव्हा मी फोन पाहिला. अकरा मिस्ड कॉल, पहिल्याला पाऊण तासाच्या वर होऊन गेलेला. मी लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"प्रज्ञा, हे लीगल आहे ना? नक्की लीगल आहे ना गं?"

"काका, काय झालं?"

"पोलीस येतील ना पण. ॲम्ब्युलन्स बोलावली की पोलीस येतात. माझ्याकडे ह्याचा एकही कागद नाही, प्रज्ञा. पावतीसुद्धा सापडत नाहीये. आमचं कार्ड पुढच्या वर्षी होईल असं वकील म्हणतोय. मी त्यांना काय दाखवू?"

मागे काकूंचा आवाज येत होता. रडण्याचा नाही, कण्हण्याचा.

मी किंचाळले. सभागृहातले लोक वळून बघायला लागले. "डोळा पाण्याने धुवा, नळाखाली धरा, आणि आत्ता लावा फोन, आत्ता!" त्यांनी तरीही लावला नाही. स्वतः गाडीत घालून इस्पितळात नेलं, आणि तिथे सांगितलं, कढईतलं तेल उडालं.

मी पोचले तेव्हा ते तेलाचं भाजणं समजून उपचार करत होते. डॉक्टरीणबाई विचारत होती, हे काळे ठिपके कसले? काका गप्प. काकू गप्प. मी म्हटलं, "बंदुकीची दारू आहे. तेल नाही." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पाठीत सुरी खुपसली होती. "तुला काय जातं गं बोलायला," मराठीत म्हणाले. "तुझ्याकडे कार्ड आहे."

खरं होतं ते.

मग धावपळ, डोळ्यांचे तज्ज्ञ, कण काढणं, दोन शस्त्रक्रिया. डोळा गेला. डॉक्टरीण म्हणाली, लगेच धुतला असता, लगेच आणलं असतं, तर वाचलाच असता असं नाही, पण संधी होती.

आणि पोलीस? इस्पितळाने काय कळवायचं ते कळवलं असेल. एक अधिकारी आला, दहा मिनिटं बसला, अपघात असं लिहून घेतलं, "काळजी घ्या" म्हणाला आणि गेला. व्हिसाबद्दल त्याने विचारलंही नाही. रिव्हॉल्व्हर बघायलाही मागितलं नाही. पुराणवस्तू ना ती! ज्याला काकू घाबरल्या नव्हत्या, काका घाबरले होते, ते आलंच नाही कधी.

मला कुणाकुणाचा राग येतो ते सांगते. त्या कायद्याचा, जो बंदुकीला बंदूक म्हणत नाही. त्या रांगेचा, जिने भल्या माणसाला इतकं कागदाचं करून टाकलं की ज्या वस्तूला कागद लागत नाही ती त्याला गुन्हा वाटायला लागली. बायकोचा डोळा एका बाजूला आणि फाइल दुसऱ्या बाजूला, आणि त्याचा हात फाइलीवर गेला. काकांचा राग मला येत नाही असं म्हणणं खोटं होईल.

मी नोकरी सोडली. रॉय म्हणाला, "यात तुझी चूक नाही." त्याला म्हटलं, तू पत्रक वाचून तीन चुका काढल्या होत्यास, यात मला दोन सापडल्या. माझ्या जागी आता दुसरी मुलगी आहे. काचेत अकरा नग आहेत.

मी नवीन पत्रक लिहिलं. घराघरांत जावं म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात वाटायला मागितलं. त्यात दोनच गोष्टी होत्या. निरांजन, कापूर, उदबत्ती ही आग आहे. आणि काही झालं तर आधी ॲम्ब्युलन्सला फोन करा, मला नाही, वकिलाला नाही, तुम्ही गुन्हा केलेला नाही. कमिटीतल्या एक मावशी गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, सणाच्या दिवशी कशाला असलं अभद्र? आणि आपल्याकडे कुणाकडे बंदुका असतात?" त्यांच्या मागच्या खुर्चीत मी काका लोकांपैकी दोघांना ओळखलं. एकाचं रिव्हॉल्व्हर मीच निवडून दिलेलं, पट्टीवालं, छत्तीसचं. दोघंही फोनमध्ये बघत होते.

पत्रकं अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहेत.

वसंतात मी काकूंना भेटायला गेले. काका ऑफिसात. कार्ड अजून आलेलं नाही. काकूंनी चहा केला. एका डोळ्याने अंतर कळत नाही, चहाची धार कपाच्या अलीकडे पडली, बशीत, मग टेबलावर. मी उठले तर म्हणाल्या, "बस. मला शिकायचंय." पुन्हा ओतला. किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून, हळू.

"मी हे लिहिणार आहे, काकू," मी म्हटलं. "नावं बदलून. काका नको म्हणतायत."

"लिही. ते नको म्हणणारच." मग किटली बाजूला ठेवून म्हणाल्या, "तू फोन उचलला असतास तर काय म्हणाली असतीस?"

"लीगल आहे म्हणाले असते. ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणाले असते."

त्यांनी फडक्याने टेबल पुसलं. सांडलेला चहा नव्हता तिथेही पुसलं.

"मी तोंडावर ओलं फडकं धरून जमिनीवर बसले होते," त्या म्हणाल्या. "मला काही दिसत नव्हतं. मी ओरडत होते, अहो फोन लावा, फोन लावा. ते म्हणाले, लावलाय. मग मी ओरडायची थांबले. म्हटलं, लावलाय तर येतील. गप्प बसून सायरनचा आवाज येतोय का ते ऐकत होते."